जांभळी नाक्यावरचा जांभळा

शनिवार. आषाढ. सकाळपासून पाऊस, थांबायचं नाव नाही.

भाची जेवायला आली आणि ताटं उचलायच्या आत टेबलावर रंगाची पेटी मांडून बसली. यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय, स्मरणचित्राचा सराव चालू आहे. विषय भाजीबाजार. छत्र्या झाल्या, टोपल्या झाल्या, पदर खोचलेली जांभूळवाली तर फारच छान झाली. गाडी अडली ती जांभळांवर. लाल आणि निळा मिळून जांभळा, हे तिला पाठ आणि मलाही. तिने शेंदरी लाल घेतला, त्यात प्रशियन ब्लू घातला, आणि टोपलीत जांभळांऐवजी चिंचेचे गोळे उमटले.

"मावशी, रंगच खराब निघाले."

मी करून पाहिलं. चिंचच.

आमच्या बाईंनी फळ्यावर तीन गोल काढून शिकवलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, ते कशात काय मिसळून होत नाहीत. दोन-दोन जोडले की दुय्यम: नारिंगी, हिरवा, जांभळा. लाल म्हणजे नेमका कुठला लाल, हे काही बाई बोलल्या नव्हत्या. रंगीत खडूच्या डब्यात लाल एकच होता, त्यांचा तरी काय दोष.

घरात भाजी नव्हती, म्हणून छत्री घेऊन बाहेर पडले. ठाण्यातल्या चिंतामणी चौकातून जांभळी नाक्याकडे जाताना सुचलं ते घरी कोणाला सांगितलं तर हसतील. चिंतामणी हा साड्यांमधला निळा. म्हणजे मी निळ्यापासून जांभळ्यापर्यंत पायी चालले होते. मधे लाल यायला हवा, तो टोमॅटोच्या ढिगाने भागवला. आणि त्या ढिगाशेजारीच एका बाईने बीट कापून ठेवलं होतं. दोन्ही लालच म्हणायचे. पण टोमॅटोच्या लालात पिवळा आहे आणि बीटाच्या लालात निळा, हे शेजारी शेजारी ठेवल्यावर न शिकवता दिसतं. मी उभीच राहिले. "ताई, घेताय की बघताय?" पाव किलो बीट घेतलं. आमच्याकडे बीट कोणी खात नाही.

पेटीतला शेंदरी म्हणजे टोमॅटो. त्यात पिवळा दडलेला. निळा मिसळला की तिन्ही मूळ रंग एकत्र आले, आणि तीन एकत्र आले की तपकिरी ठरलेला. त्यात प्रशियन ब्लू स्वतः हिरव्याकडे झुकणारा, म्हणजे आणखी भर. (हा रंगही चुकूनच जन्मला. 1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये एक रंगारी लाल करायला बसला होता, त्यातून निघाला हा निळा, अशी गोष्ट सांगतात. आमच्या चिंचेला तेवढाच दिलासा.)

घरी येऊन क्रिमसन आणि अल्ट्रामरीन काढले. बीट आणि गोकर्ण. पहिल्याच फटक्यात असा जांभळा आला की भाचीने बोट लावून पाहिलं.

मग तिचं सुरू झालं. मोबाइलमध्ये तर लाल, हिरवा, निळा हे मूळ असतात, मग पिवळा कुठे गेला? तिथे उजेडात उजेड मिसळतो, म्हणून लाल आणि हिरव्यातून पिवळा होतो आणि तिन्ही मिळून पांढरा. रंगाच्या वडीचं उलट, ती उजेड खात जाते. जितके मिसळाल तितकं अंधारून येतं. वर्तमानपत्राच्या कडेला कधी कधी चार ठिपके सुटलेले असतात, तेही दाखवले: आकाशी निळा, गुलबक्षी, पिवळा आणि काळा. छापखान्यात लालाची जागा गुलबक्षीने घेतली आहे. पहिल्या तिघांतून नीट काळा होत नाही, मळकट तपकिरी होतो, म्हणून काळी शाई वेगळी.

खरा वेळ गेला तो चित्रातल्या ओल्या रस्त्यावर. पुस्तकात काळा, पांढरा, राखाडी यांना तटस्थ रंग म्हणतात. मला ते नाव कधी पटलं नाही. पारवा, करडा, मातकट, धुरकट, इतकी नावं ज्याला आहेत तो तटस्थ कसला? भाचीने काळ्यात पांढरा घालून राखाडी केला, तर रस्ता थेट सिमेंटचा, कोरडा. मग अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएन्ना घातला. हा तपकिरी म्हणजे मुळात मळका नारिंगीच, रंगचक्रात निळ्याच्या बरोबर समोरचा. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतो पारवा. निळा जास्त पडला तर ढग, सिएन्ना जास्त पडला तर चिखल. काल तलावपाळीवर मासुंद्याचं पाणी असंच होतं, धड निळं नाही, धड मातकट नाही.

हे मारामारीचं गणित मला आधीपासून माहीत होतं, हे ब्रश धुताना लक्षात आलं. आई पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची. फडक्यात पूड बांधून बादलीत फिरवायची, म्हणजे ठिपके पडत नाहीत. ती नीळ म्हणजे हाच अल्ट्रामरीन. एकेकाळी अफगाणिस्तानातला लाजवर्द दगड कुटून काढायचे, फार महाग. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिम करायची रीत सापडली आणि पुढे तो आमच्या मोरीत आला. जुना सुती कपडा पिवळा पडतो, निळीत जरा जांभळी झाक असते. पिवळ्याला तिने मारलं की उरतो अगदी फिकट राखाडी, आणि तो डोळ्यांना पिवळटापेक्षा पांढरा वाटतो. म्हणजे कपडा उजळत नाही, उलट कणभर काळवंडतो. आईला हे सांगितलं असतं तर तिने बादली माझ्या डोक्यावर ओतली असती.

संध्याकाळी भाची निघाली. चित्र वाळलं नव्हतं म्हणून इथेच राहिलंय. युनिफॉर्मच्या शर्टावर एवढा मोठा जांभळा डाग. "मावशी, निळीने जाईल का गं?"

डाग रंगाचा नव्हताच. बाजारातून आणलेली जांभळं तिने चित्र काढता काढता संपवली होती.