पुरवठ्यापेक्षा जास्त दाब

सोलापुरात एप्रिल लागला की माळ्यावरचे पंखे खाली उतरतात आणि नवी पेठेतल्या आमच्या दुकानात त्यांची रांग लागते. अशाच एका दुपारी, पूर्व भागात यंत्रमागावर हयात घालवलेले एक काका, बिडाच्या बुडाचा आणि पितळी पात्यांचा छोटा पंखा पंचात गुंडाळून घेऊन आले. जुन्या मिलमध्ये कामाला असलेल्या त्यांच्या वडिलांनी तो घेतला होता.

"भाऊ, चार नंबरवर नीट चालतो, पण तीनवर घेतला की पिसाळतो आणि जळका वास येतो," असे ते म्हणाले.

बुडातली वेग बदलण्याची पट्टी कोणीतरी बाद करून वायरवर छताच्या पंख्याचा नवा स्टेप रेग्युलेटर बसवला होता. वेग कमी करण्यासाठी फिरवलेले बटण वेग वाढवते, हे मला पटेना. मोटरच्या दोन टोकांना मीटर लावून पाहिले, तर चारवर 228 व्होल्ट आणि तीनवर 281. घरात येणारी वीजच 230 व्होल्टची असताना हा आकडा आला कुठून, म्हणून मी मीटरची बॅटरी बदलली, मग मीटरच बदलला. आकडा तोच राहिला. प्रवाहही 0.30 अँपिअरवरून 0.37 वर गेला होता, म्हणजे वेटोळ्यातली उष्णता दीडपट झाली होती. जळक्या वासाचे कारण हेच होते.

असल्या रेग्युलेटरच्या पोटात कपॅसिटर असतात. या छोट्या पंख्याची मोटर शेडेड पोल जातीची, म्हणजे ध्रुवांवर तांब्याची कडी असलेली, स्वतःचा कपॅसिटर नसलेली. तिच्या वेटोळ्याचा विरोध आणि ओळीत जोडलेल्या कपॅसिटरचा विरोध परस्परांच्या उलट असल्यामुळे, विशिष्ट मापाचा कपॅसिटर आला की दोघे एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात, प्रवाह वाढतो आणि मोटरवरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, पुरवठ्याच्याही वर जातो. छताच्या पंख्याची मोटर वेगळ्या घडणीची असते आणि हे कपॅसिटर तिच्याच हिशेबाने निवडलेले असतात, त्यामुळे तिथे ही भानगड होत नाही.

बुडाची बनात सोडवून आत पाहिले, तर मूळ चोक, म्हणजे मोटरला मिळणारे व्होल्ट कमी करून वेग उतरवणारे वेटोळे, जागेवर होता : पत्र्यांच्या गाभ्यावर एनॅमलची तार गुंडाळलेला आणि मधून दोन टोके बाहेर काढलेला. पहिल्या कारागिराने तो जळाला असे ठरवले असावे. प्रत्यक्षात पट्टीच्या ओढाताणीने मधले एक टोक तुटले होते, एवढेच. ते जोडणे मात्र सोपे नव्हते. एनॅमल खरवडताना केसासारखी ती तार माझ्याच हातून पुन्हा तुटली, आणि एक वेढा उलगडून नवे टोक काढावे लागले. मग त्याला झाळ देऊन लवचीक वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली आणि पुन्हा ओढ बसू नये म्हणून ती वायर गाभ्याला दोऱ्याने बांधली. पट्टीखालचे काळे पडलेले पितळी ठिपके बारीक पॉलिश पेपरने घासले.

त्या पट्टीची मांडणी पाहून मला जुन्या कारागिरांचे कौतुक वाटले. बंदच्या शेजारी मंद नव्हे, तर जलद वेग ठेवलेला होता. शेडेड पोल मोटरचा सुरुवातीचा जोर मुळातच कमी असतो. मंद वेगावर सुरू केली आणि बुशातले (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीतले) तेल घट्ट झालेले असले, तर ती नुसती गुणगुणत तापत राहते.

कापडी वायर काढून तीन तारांची घातली, बिडाच्या बुडाला अर्थिंग जोडले, बुशाच्या नमद्यावर मशीनचे तेल सोडले आणि पुन्हा मीटर लावला : 228, 176, 138. मंद वेगावर दोन तास चालवल्यावरही मोटरवर हात ठेवता येत होता.

काकांनी स्वतः पट्टी तिन्ही ठिकाणी सरकवून पाहिली आणि काढलेल्या रेग्युलेटरकडे बोट दाखवून विचारले, "आता याचं काय?" तो छताच्या पंख्याला उत्तम चालेल असे सांगून मी तो कागदात बांधून त्यांच्या हातात दिला.