दांड्या फुल, पण फोटो जात नाही!

गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, जवळ आला की आमच्याकडे, मोबाइल नेटवर्कवाल्यांकडे, तक्रारीचा सूर एकच: रेंज फुल दाखवतंय, पण फोटो जात नाही. यंदा यात्रेच्या होम मैदान परिसराचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे नेटवर्कची घडी नीट बसवणं, माझ्याकडे होतं. वरून सूचना आली, टॉवरची पॉवर वाढवा. मला ती पटली नाही. ४जीत शेजारशेजारचे सेक्टर (टॉवरवरून एकेका दिशेला तोंड केलेले अँटेना) एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. एकाने आवाज चढवला की दुसऱ्याच्या ग्राहकाला गोंगाट वाढतो.

लॅपटॉप घेऊन नवी पेठेपासून मंदिरापर्यंत चालत टेस्ट घेतली. तळ्याच्या काठावर सिग्नल उणे ७५ डीबीएम, म्हणजे झकास, आणि एसआयएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ ते, मात्र शून्याच्या खाली. पाण्यावर आडवं यायला काहीच नाही, त्यामुळे पलीकडचे लांबचे सेक्टरही काठावर तेवढ्याच जोरात पोहोचत होते. त्यांचे अँटेना खाली झुकवले. काहींचा टिल्ट ऑफिसात बसून बदलता आला, जुन्यांसाठी रिगरला, म्हणजे उंचावर काम करणाऱ्या कामगाराला, टॉवरवर चढवावं लागलं. समोरासमोरच्या दोन सेक्टरांच्या सेल आयडीला (ओळख क्रमांकाला) तीनने भागल्यावर बाकी सारखीच येत होती, म्हणजे त्यांचे रेफरन्स सिग्नल (फोन ज्यावरून सेक्टरची ताकद मोजतो ते) एकमेकांवर आदळत होते. एकाचा आयडी बदलला.

आता वाटणीचं गणित. २० मेगाहर्ट्झमध्ये १०० रिसोर्स ब्लॉक, म्हणजे ग्राहकांना वाटायचे फ्रिक्वेन्सीचे तुकडे, असतात आणि शेड्युलर, म्हणजे वाटप करणारं सॉफ्टवेअर, ते दर मिलिसेकंदाला वाटतो. गर्दी कितीही होवो, ब्लॉक तेवढेच. पण गोंगाट कमी असेल तर प्रत्येक सिम्बॉलवर (लहरीच्या एका ठोक्यावर) दोनऐवजी सहा बिट जातात. मैदानातल्या तात्पुरत्या साइटची पॉवर मी कमीच ठेवली, ती याच हिशेबाने.

खरा वैताग अपलिंकचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या सिग्नलचा, होता. एका सेक्टरचा नॉइज, म्हणजे गोंगाट, उणे ११८ डीबीएमच्या आसपास हवा, तो उणे १००च्या वर. ग्राफ नीट पाहिला तर सकाळी दुकानं उघडताना चढायचा, रात्री शटर पडलं की खाली. मग दिशा शोधणारा यागी अँटेना आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (लहरी मोजणारं यंत्र) घेऊन गल्लीबोळ पालथे घातले. शेवटी एका कापड दुकानाच्या माळ्यावर, चादरींच्या गठ्ठ्यांमागे, रेंज वाढवणारा बूस्टर सापडला.

"ऑनलाइन घेतलंय साहेब, बिल हाय की!" मालक म्हणाले. बिल होतं, पण परवान्याशिवाय बूस्टर लावता येत नाही, हे त्यांना विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. प्लग काढला तसा ऑफिसातून सहकाऱ्याचा फोन, "पडला बे नॉइज!" दुकानात रेंज खरंच नव्हती, म्हणून त्यांना वायफाय कॉलिंग चालू करून दिलं.

अक्षता सोहळ्याला कॉल टिकले. व्हिडिओ रखडत गेले, पण गेले. किंक्रांतीचं दारूकाम झाल्यावर काही टिल्ट पुन्हा वर घेतले, कारण तळ्यापलीकडच्या गल्ल्यांतून घरात रेंज येत नसल्याच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या, आणि त्या खऱ्या होत्या.