घुशीमागे धावलेला गोटू

जुलै महिना होता. ठाण्यात पावसाने आठवडाभर तळ ठोकला होता. संध्याकाळच्या ओपीडीत एक आजोबा सहा किलोच्या जॅक रसेल टेरियरला टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून आले. सोबत सून आणि शाळकरी नात.

गोटू माझ्या ओळखीचा. आत आला की आधी कपाटाखाली नाक खुपसणार, मग कचऱ्याची बादली पाडणार. त्या दिवशी तो टेबलावर मान टाकून पडला होता. दोन दिवस उलट्या, खाणं बंद, पाणी मात्र सारखं पीत होता. "पावसाळ्यात पोट बिघडतंच हो डॉक्टर," आजोबा म्हणाले.

अंगात १०४ ताप. कंबरेवरून हात फिरवला तसा तो विव्हळला. ओठ वर करून पाहिलं, तर हिरड्या पिवळट. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा. मिशांच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी, वाळलेली खपली होती.

"हे कशाने झालं?"

आजोबांनी खांदे उडवले. नात मात्र पटकन म्हणाली, "घूस चावली त्याला! पार्किंगमधल्या गटारापाशी. पण गोटूने तिला मारलं." घटना आठवड्यापूर्वीची होती. ओरडा बसेल म्हणून तिने घरी सांगितलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. तिच्या त्या एका वाक्याने आमचा बराच वेळ वाचला होता.

मला संशय आला लेप्टोस्पायरोसिसचा. या आजाराचे जंतू घुशी-उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि जखमेतून किंवा नाकातोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. २००५च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईत या तापाने माणसं दगावली होती. कुत्र्यांमध्ये हा आजार यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींवर घाला घालतो. गोटूच्या रक्तात मूत्रपिंडाचा हाल सांगणारं क्रिएटिनिन आणि काविळीचं बिलिरुबिन दोन्ही चढलेलं, प्लेटलेट्स उतरलेल्या. पक्क्या निदानासाठी नमुने लॅबला पाठवले, पण अशा वेळी रिपोर्टची वाट पाहत बसायचं नसतं. लगेच सलाइन आणि शिरेतून अँपिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू केलं.

त्या रात्री सगळं लक्ष लघवीकडे होतं. सलाइन जातंय पण लघवी होत नाही, म्हणजे मूत्रपिंडं बंद पडत चालली. लघवी मोजायला लावलेल्या पिशवीतला प्रत्येक मिलिलिटर आम्ही लिहून ठेवत होतो. पहाटेपर्यंत आकडा जेमतेम होता, मग हळूहळू वाढू लागला. तो कागद पाहून माझ्या असिस्टंटचे डोळे भरून आले. माझेही.

इकडे घरच्यांची काळजी होतीच, कारण हा आजार माणसालाही होतो. सूनबाई दोन दिवस त्याची लघवी उघड्या हातांनी पुसत होत्या, नात त्याला कुशीत घेऊन झोपत होती. सगळ्यांना त्याच रात्री फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. फरशीसाठी ब्लीच आणि हातमोजे वापरायला सांगितलं.

"एवढासा कुत्रा, फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून दरवर्षीची लस घेतली नाही," आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. हेच मला कुत्र्यांच्या पालकांना कळकळीने सांगायचं असतं. टेरियर आकाराने लहान, पण तो मांडीवर बसून राहणारा कुत्रा नव्हे. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या जॉन ऊर्फ जॅक रसेल या पाद्र्याने १९व्या शतकात ही कुत्री जोपासली, ती बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर हुसकवण्यासाठी. ठाण्याच्या पार्किंगमध्ये कोल्हा नसेल, घूस आहे. लेप्टोच्या लसीचा भरवसा साधारण वर्षभराचा. सगळ्या प्रकारच्या जंतूंवर ती चालत नाही, तरी आपल्याकडच्या पावसात ती चुकवू नये.

उलट्या थांबल्यावर गोटूला डॉक्सीसायक्लिन या तोंडाने द्यायच्या अँटिबायोटिकवर आणलं आणि घरी सोडलं. पूर्ण बरा झाल्यावर लसही झाली. गटाराच्या तोंडाशी सोसायटीने जाळी बसवली, आजोबा त्याला आता पट्ट्याशिवाय खाली नेत नाहीत. पण नुसतं बांधून ठेवलं तर हा कुत्रा भुंकून आणि सोफे फाडून घर डोक्यावर घेतो. म्हणून गॅलरीत वाळूचं मोठं घमेलं ठेवायला सांगितलं. नात त्यात रोज खाऊ पुरून ठेवते आणि गोटू तो उकरून काढतो.