दुसऱ्याच्या घरचा दिवस

२४ जून, मडगाव

आज सांजांव, सेंट जॉनचा सण. डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून पोरं वाड्यावाड्यांतून घुमट वाजवत फिरताहेत, विहिरींत उड्या पडताहेत. आरोग्य केंद्रातली गर्दी त्यामुळे सकाळीच ओसरली. बऱ्याच दिवसांनी निवांत वेळ मिळाला आहे, तर मनात घोळतंय ते एकदाचं लिहून काढते.

मी डिचोलीची. घरात बोलणं कोंकणी, आणि वर्तमानपत्र, आरत्या, भजनं, पत्रं सगळं मराठीतून. आमच्याकडच्या कितीतरी घरांत हे असंच असतं, कुणाचं काही अडत नाही. नर्सिंग झाल्यावर नोकरी लागली ती सासष्टीत, म्हणजे ह्या मडगावच्या तालुक्यात. अंतर फार नाही, सकाळी बसने निघालं की कामाला वेळेवर पोचता येतं. पण मधला इतिहास मोठा आहे. सासष्टी पोर्तुगिजांकडे सोळाव्या शतकात गेली. डिचोली, सत्तरी, पेडणे त्यांच्या हाती लागले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी म्हणतात त्या ह्याच. मधल्या दोनशेहून जास्त वर्षांत इकडे देवळं पाडली गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, मागे राहिलेल्यांचा धर्म बदलला आणि हळूहळू पेहराव, ताट, दिवसाचा क्रमही बदलला. आमच्या बाजूला यातलं बरंचसं घडलंच नाही. एवढ्याशा गोव्यात दोन तालुक्यांतली माणसं इतकी वेगळी कशी, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

एकमेकांचे सण आम्ही गोंयकार छान जाणतो. चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातात, नाताळात दोदोल-बेबिंकाचं ताट आमच्याकडे येतं. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, बहिणी-बहिणी, हे डिचोलीतलं पोर शाळेत जायच्या आधी ऐकतं. सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन जाणारी हिंदू कुटुंबं आजही आहेत. मला याचं मनापासून अप्रूप आहे. पण मधुमेहाचा पेशंट समोर येऊन बसतो तेव्हा सणांची ओळख पुरत नाही. तिथे त्याचा साधा दिवस माहीत असावा लागतो. किती वाजता उठतो, पहिला घोट कशाचा घेतो, घरात कोण रांधतं, उरलेल्याचं काय होतं, कुणासमोर नाही म्हणता येतं आणि कुणासमोर येत नाही. आणि नेमका हा साधा दिवसच आपल्याला माहीत नसतो.

गेल्या महिन्यातली एक आंटी डोळ्यांसमोरून जात नाही. वयाची सत्तरी ओलांडलेली, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात रोजरची जपमाळ. उपाशीपोटी साखर २०० च्या वर. आमचे नवीन डॉक्टर घाटावरून आलेले, हुशार आणि तळमळीचे. त्यांनी शांतपणे, सोप्या शब्दांत सगळं समजावलं होतं. पाव कमी, भात निम्मा, गोड बंद, संध्याकाळी चालणं. आंटी प्रत्येक वाक्याला "होय दोतोर" म्हणत होती. आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात की सांगून झाल्यावर पेशंटलाच परत सांगायला लावा, म्हणजे समजलं की नाही ते कळतं. तेही झालं. आंटीने न चुकता सगळं परत सांगितलं. पुढच्या वेळी साखर तेवढीच.

त्या दिवशी डॉक्टर तपासणीसाठी आत गेले होते. मी आंटीला बाकावर शेजारी बसवलं आणि आहाराबद्दल एक अक्षर न काढता तिला तिचा दिवस सांगायला सांगितला. उठल्यापासून झोपेपर्यंत. ती खुलली. पहाटे चर्चमध्ये मीस. परतताना बहिणीच्या घरी चहा. अकराला पेज आणि काल्ची कडी. दुपारी शीत-कडी, मग झोप. संध्याकाळी तेर्स, जपमाळेवरची प्रार्थना. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी येतो आणि दुपार कलल्यावर पुन्हा येतो, गेटला लावलेल्या पिशवीत पोया, म्हणजे इथले पाव, टाकून जातो. किती टाकतो म्हटल्यावर तिने आकडा सांगितला. तो एका माणसासाठी फारच होता. घरात कोण कोण, म्हणून विचारलं, तर कोणीच नाही. धाकटा तारवटी, बोटीवर. थोरला बायकामुलांसकट विलायतेत, स्विंडनला. नवरा वारल्याला बरीच वर्षं झाली. पदेराला दिलेली वर्दी, म्हणजे रोजच्या पावांची मागणी, मात्र घर भरलेलं होतं तेव्हाची, तशीच चालू. पाव टाकायचा म्हणजे पाप, म्हणून उरलेल्या पोया रात्री चहात बुडवून ती संपवते.

वर्दी कमी का केली नाही, हे विचारायला मला जड गेलं, तरी विचारलं. ती म्हणाली, पिशवी हलकी झाली की वाड्यावर कळतं, ह्या घरात आता कोण नाही.

डॉक्टरांना हे का नाही सांगितलं? "दोतोराक ना म्हणूंक जाता, बाय?" डॉक्टरला कधी नाही म्हणता येतं का, एवढंच तिचं उत्तर. तिच्या लेखी डॉक्टर, पाद्री आणि शाळेतला मास्तर यांच्यासमोर मान हलवायची असते. तो मान आहे, कबुली नाही. आणि घाटावरच्या डॉक्टरांच्या लेखी समजलेला माणूस पाळतो, पटलं नसेल तर विचारतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक, दोघांनाही एकमेकांबद्दल आदर, आणि मधे पोयांची पिशवी तशीच लटकलेली.

वाट तिनेच काढली. अर्ध्या पोया पदेराने बहिणीच्या गेटला टाकायच्या, तिच्याकडे माणसं जास्त आहेत. पिशवी लटकतीच राहील. मी फक्त होकार दिला. नुसत्या पोयांनी साखर उतरणार नाही, गोळ्या चालू आहेतच, वेळ लागेल.

आमच्याकडे वाटायला येणारा छापील आहारतक्ता मी तेव्हापासून जास्त बारकाईने वाचते. त्यात पनीर आहे, चपाती आहे, मोड आलेली कडधान्यं आहेत. पेज नाही, उकड्या तांदळाचा भात नाही, माशाचं हुमण नाही, पोय नाही. म्हणजे सासष्टीतली आंटी आणि डिचोलीतली माझी आई, दोघींपैकी एकीलाही त्यात स्वतःचं ताट सापडणार नाही. ज्या कागदावर आपलं जेवणच नाही तो कागद माणूस घडी घालून पर्समध्ये ठेवतो आणि विसरून जातो. त्यात त्याचा दोष नाही.

एडवर्ड हॉल नावाचे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ होते. १९५० च्या दशकात ते परदेशी जाणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना शिकवत. काही समाजांत निरोपाचा मोठा भाग शब्दांत नसून प्रसंगात, नात्यात, गप्प राहण्यात असतो, तर काही समाजांत म्हणायचं ते शब्दांतच मांडतात, ही मांडणी त्यांची. हे वाचलं तेव्हा आंटीचं 'होय' मला जास्त स्पष्ट दिसलं. तरी अशा अभ्यासात देशाला देश लावून बोलतात ते मला पटत नाही. भारतीय असे, जर्मन तसे. आमच्या केंद्राच्या हद्दीत एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे दिवस उगवतात, तिथे देशाचं माप काय लावणार? रमजानात बाजारातले काही पेशंट गोळ्या आपल्या मनानेच बंद करतात. इफ्तार आणि सहरीप्रमाणे वेळा बदलून देता येतात, पण आधी आपण विचारलं तर. आमच्याकडच्या एकादशीला आणि सोमवारच्या उपासालाही हेच लागू आहे. उपाशी राहून साखर उतरवणारी गोळी घेतली तर भोवळ येऊ शकते, आणि पेशंट म्हणतो, देवाने परीक्षा घेतली.

राचोल इथून जवळच. येशूच्या चरित्रावरचं फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली तिथेच छापलं गेलं, ओव्यांत, मराठीत, पण रोमन लिपीत. हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि इथेच राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं हातून गेली होती, कानाला ओवीची सवय मात्र तशीच होती. त्या कानाला ओळखीचं वाटेल असं त्याने लिहिलं. शाळेत हे मराठीच्या अभिमानाने शिकले. सासष्टीत काम करता करता वाचताना आता दोन गोष्टी एकदम मनात येतात. एक, परक्या माणसाने इतकी वर्षं घालवून दुसऱ्याचा कान ओळखावा, हे विलक्षण आहे. आणि दुसरी, ज्यांच्यासाठी त्याने लिहिलं त्यांची देवळं १५६७ सालीच पाडली गेली होती, आणि पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने इथल्या भाषेवरच बंदीचं फर्मान काढलं. स्टीफन्सची माया खरी असेल, पण बोलणारा आणि ऐकणारा एका पातळीवर नव्हते.

हे मी स्वतःला मुद्दाम बजावते, कारण आमच्या केंद्रातही एकजण खुर्चीवर असतो आणि एकजण स्टुलावर. युनिफॉर्म माझ्या अंगावर आहे. पेशंटची रीतभात जाणून घेऊन ती आपलं म्हणणं त्याच्या गळी उतरवायलाच वापरली, तर ती समजूत झाली नाही. त्याचं ऐकून माझं सांगणंही थोडं बदलायला हवं. आंटीच्या बाबतीत ते बदललं म्हणून तर वाट निघाली.

बातमी कुणाला सांगायची, हा तर रोजचाच पेच. इथल्या घरांत, हिंदू असो की ख्रिस्ती, मुलगा दाराशी थांबवून म्हणतो, आईला आत्ताच सांगू नका. मुलगा बोटीवर असेल तर व्हिडिओ कॉलवरून तेच. बाणावलीला राहणारी एक निवृत्त इंग्लिश बाई आली होती. तिला सोबतच्या मैत्रिणीसमोरही रिपोर्ट ऐकायचा नव्हता, तिला एकटीला आणि पूर्ण सांगा, एवढाच तिचा आग्रह. दोन्ही बरोबर आहेत. मी आता तपासणीच्या आधीच विचारते, रिपोर्ट आला की कुणाला सांगायचा? बहुतेकांना हा प्रश्न आवडतो. काही आजी मात्र ठणकावतात, "म्हाकाच सांग, पुताक नाका." म्हणजे म्हाताऱ्या बायका अशाच असतात, हेही गृहीत धरायचं नाही.

हा धोका मला जास्त मोठा वाटतो. काहीच माहीत नसलेला माणूस निदान विचारतो तरी. थोडंफार माहीत असलेला विचारणं सोडतो. ख्रिस्ती आहे म्हणजे सोरपोतेल खात असणार, काजूच्या हंगामात उर्राक घेत असणार, असं धरून कार्ड भरलेलं मी पाहिलं आहे. तो पेशंट आयुष्यात दारूला न शिवलेला. त्याने कार्ड वाचलं आणि काही न बोलता परत दिलं. त्याचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

२६ जून

आज वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलले. मधुमेहाच्या कार्डावर सगळ्यात वर तीन ओळी असाव्यात असं मांडलं. दिवसाचा क्रम काय, घरात कोण रांधतं, आणि रिपोर्ट कुणाला सांगायचा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. गर्दीच्या दिवशी दिवस ऐकत बसायला वेळ कुठून आणणार, असं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. पहिल्या भेटीला वेळ द्यायचा, पुढे फक्त बदल विचारायचा, असं ठरलं. नवीन डॉक्टर म्हणाले, पहिल्या भेटी ते स्वतः घेतील, फक्त कोंकणीसाठी मी शेजारी बसायचं. छापील कार्डात जागा दोनच ओळींची आहे. रांधण्याची ओळ तूर्त मागच्या बाजूला हाताने लिहायची, नवीन कार्डं छापायला जातील तेव्हा पुढे घेऊ.