तासांतला ओलावा

डाळ मिलच्या ऑफिसात मी बिल पुढं सरकवलं तेव्हा घशाला कोरड पडली होती. बिल म्हणजे टॉगल ट्रॅक या वेळ मोजायच्या ॲपमधून काढलेली दोन पानं. एकूण 31 तास 40 मिनिटं, तासाला 400 रुपये. अंदाज दिला होता 18 तासांचा.

मी लातुरात औसा रोडला एका खोलीत बसून डिझाइनची कामं करते. आमच्याकडे दर विचारतात तो ‘एका पाकिटाचे किती’ असाच. तासाचा भाव सांगितला की लोकांना वाटतं, बाई मुद्दाम हळू काम करणार. या शेठजींनी मात्र एकच विचारलं होतं, “घड्याळ लावून काम करायलाव का? मग करा. पण तास लिहून आणा.” काम होतं तूर, मूग आणि हरभरा डाळीच्या पाऊचचं.

शेठजींनी चष्मा चढवला आणि आडतीची हिशोबपट्टी वाचावी तसं ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. डिझाइनचे 11 तास, बोललेच नाहीत. बोट थांबलं ते ‘मजकूर, 4 तास 10 मिनिटं’ या ओळीवर.

“मजकूर तर आम्हीच दिलता की.”

दिला होता, पण श्रीलिपीत, म्हणजे मराठीच्या जुन्या फाँटात. तो फाँट नसलेल्या फायलीत चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठंही नीट दिसणाऱ्या अक्षरांत आणायची, मग ओळ न ओळ वाचायची, कारण रूपांतरात काही जोडाक्षरं गळतात. वर इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडिक ऑप्शन्स, म्हणजे भारतीय लिप्यांची सोय, चालू नसले तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसते. हे सगळं मी सांगत होते. त्यांनी अर्ध्यातच हात वर केला.

“चाळण मारली म्हणा की.”

नियमांच्या 2 तास 20 मिनिटांना त्यांनी स्वतःच मान डोलावली. निव्वळ वजन किती उंचीच्या अक्षरात हवं, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा परवाना क्रमांक, हिरवा ठिपका, एमआरपी. पाऊच रोटोग्रॅव्ह्युअर या छपाई मशीनवर छापतात, दर रंगाला वेगळा सिलिंडर कोरतात. तो कोरून झाल्यावर चूक सापडली की पैसे पाण्यात. याचा चटका त्यांनी पूर्वी एकदा खाल्लेला होता.

फोन आणि व्हॉट्सॲपचे 3 तास. तिथं हसले. आणि मग बोट एका ओळीवर आलं, जिची मलाच धास्ती होती. ‘काम, 2 तास 10 मिनिटं.’ बाकी प्रत्येक नोंदीपुढं तपशील होता, हिच्यापुढं नुसतं ‘काम’.

“मॅडम, ह्यात ओलावा किती?”

सोयाबीन बाजारात आणलेल्या माणसाला हा प्रश्न समजवावा लागत नाही. ओलावा मोजायच्या मशीनमध्ये 12 टक्क्यांवर आकडा गेला की भाव खाली. माझा आकडा किती दाखवणार होता, मला ठाऊक होतं. त्या दुपारी लाइट गेली होती, लॅपटॉपची बॅटरी संपलेली. लॅपटॉपवर बराच वेळ माउस हलला नाही तर टॉगल विचारतं, हा वेळ ठेवू की काढू? पण मी टायमर फोनवर लावलेला. मी पोरीला शाळेतून आणायला गेले, येताना भाजी घेतली आणि घड्याळ आपलं पळत राहिलं. महिनाअखेरीला ती नोंद दिसली तेव्हा काढून टाकायला हवी होती. काढली नाही. आधीच 13 तास जास्त झालेत, त्यात हे दोन कुठं दिसणार, असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

“सगळाच ओलावा आहे,” मी म्हटलं, आणि पेन घेऊन ती ओळ खोडली.

शेठजी काहीच बोलले नाहीत. कॅल्क्युलेटरवर 29 तास 30 मिनिटांचे 11,800 केले. मला वाटलं, सुटले. तर त्यांनी पान उलटून मागं नेलं, ‘दुरुस्त्या, 9 तास’. मला सवय आहे, दुरुस्ती कुणी सांगितली तेही लिहायची. तिथं ओळीनं होतं: पुतणे, पिवळा गडद. पुतणे, पिवळा फिका. पुतणे, शेतकऱ्याचा फेटा लाल. पुतणे, फेटा काढणे. पुतणे, पिवळा पहिल्यासारखा, रात्री 11.20.

“बोलवा रे त्याला,” शेठजींनी दाराकडं बघून आवाज दिला.

पुतण्या आला, हातात मोबाइल. शेठजींनी कागद त्याच्याकडं फिरवला. “पिवळा कितीला पडला, बघ.” त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. मला त्या पोराची दया आली आणि थोडा आनंदही झाला. चेक मिळाला पूर्ण रकमेचा.

त्या रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. मसूर डाळीचं पाऊच करायचंय म्हणाला. खाली आणखी एक ओळ: “मॅडम, हे पण लिहिणार का?”

मी ‘हो’ लिहिलं. 1 मिनिट, पुतणे, मसूर.