चिखलवाटेवरून आल्यावर गाडी धुताना रंग कसा सांभाळायचा

पाऊस नुकताच उघडला होता आणि वाट अजून वाळली नव्हती, म्हणजे फोर बाय फोर घेऊन निघायला अगदी हवी तशी वेळ. आधी झाडीतली तांबडी माती, मग गोट्यांचा ओढा, आणि ओढ्यापलीकडे काळ्या चिकण मातीचा लांब पट्टा. तिथल्या चाकोऱ्या इतक्या खोल होत्या की गाड्यांचं पोट घासत होतं. संध्याकाळी डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा दारांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. वाट सुंदर आहे, जरूर जा. पण परतल्यावरच्या कामाची तयारी ठेवूनच जा, कारण चिखलाने गाडीचं होत नाही एवढं नुकसान तो घाईघाईने पुसण्याने होतं.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चिखलात गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोहस् मोजपट्टीवर त्यांचा कठीणपणा ७ भरतो, म्हणजे साध्या काचेपेक्षाही जास्त. असे कण फडक्याखाली सापडले की उन्हात बॉनेटवर दिसणारी ती गोलगोल जाळी तयार होते. ती पॉलिशने जाते, पण प्रत्येक पॉलिश त्याच पातळ थरातून थोडा भाग खाते.

त्यामुळे वाटेत थांबलात तरी दारं-बॉनेट पुसू नका. दिवे, काचा, आरसे आणि नंबर प्लेट एवढंच स्वच्छ हवं, आणि त्यासाठी झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली पुरते. चिखल धारेने उतरू द्या. परतीच्या वाटेत दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं घासतात, तिथे आरसे मिटून अगदी हळू जा. दारावर चिखलाचा थर असताना फांदी घासली तर ती सँडपेपरसारखी चालते. ओढ्यात गाडी धुण्याचा मोह मात्र टाळाच. खालचं ग्रीस आणि ऑइल त्याच पाण्यात उतरतं. डांबरी रस्त्यावर येण्याआधी थांबून टायरांची मोठी ढेकळं पाडा, नाहीतर मागून येणाऱ्या दुचाकीखाली ती निसरडी होतात. ब्रेकही हलकेच दाबून पाहा.

शक्य असेल तर चिखल ओला असतानाच गाडी धुवा. चिकण मातीचे कण फार बारीक, २ मायक्रॉनहूनही लहान. वाळले की एकमेकांना आणि रंगाला घट्ट धरून बसतात. रात्र झाली असेल तर निदान नळीने भरपूर पाणी मारून ठेवा. वाळून पोपडा धरला असेल तर नखाने किंवा पट्टीने खरवडायला जाऊ नका. भिजवा, थांबा, पुन्हा भिजवा. सावलीत, बॉनेट हाताला गार लागल्यावर. तापलेल्या ब्रेक डिस्कवर एकदम गार पाणी तर मारूच नका.

सुरुवात खालून करा. चाकांच्या कमानी आणि पोटाकडचा चिखल उडून वर येतो, म्हणून आधी दारं धुतली तर तीच पुन्हा धुवावी लागतात. खरं काम इथेच आहे आणि वेळही इथेच द्यावा. आमच्या गाडीची स्किड प्लेट, म्हणजे पोटाखालचा संरक्षक पत्रा, बोल्ट काढून खाली घेतली तेव्हा तिच्यावर पाचरीसारखा घट्ट बसलेला काळा थर निघाला, मध्ये गवत आणि काड्या. वरून कितीही पाणी मारलं असतं तरी तो हलला नसता. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पोकळ पट्ट्यांना खालून पाणी निथळायची भोकं असतात, ती हमखास बुजतात. एका भोकात वाकवलेली तार फिरवली, आधी थेंब थेंब गढूळ पाणी, मग एकदम बोटाएवढी चिखलाची गुठळी बाहेर पडली आणि त्यामागून धार लागली. तिथे ओल कोंडून राहिली की गंज आतूनच धरतो, बाहेरून कळतही नाही. दारांच्या खालच्या कडेची भोकंही तशीच तपासा. चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. तिथे एका जागी चिखल वाळला तर चाकाचा तोल जातो आणि वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरतं. बरेच जण उगीच अलाइनमेंट करून घेतात.

प्रेशर वॉशर वापरणार असाल तर २५ किंवा ४० अंशांचं नोझल लावा आणि रंगापासून किमान ३० सेंटीमीटर लांब धरा. शून्य अंशांची सुईसारखी धार रंगावर कधीच नको. जिथे खडा लागून टवका उडाला आहे तिथे धार मारली तर आजूबाजूचा रंग सोलून निघतो. दारांची रबरं, वायरिंगचे जोड, चाकांच्या बेअरिंगची सीलं यांच्यावरही जवळून धार नको. रेडिएटरसाठी साधी नळी, कमी जोराचं पाणी, आणि जमलं तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने. जोराच्या पाण्याने त्याच्या पातळ पात्या वाकतात.

गाडीवर डोळ्यांना दिसणारा चिखल उरला नाही, की मगच हात लावायचा. आधी फोम मारून थोडा वेळ सोडा, पण वाळू देऊ नका. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, तळाशी जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळून घ्या. छतापासून खाली, सरळ रेषेत, न दाबता. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि चाकांचं फडकं पूर्ण वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. जाडसर टॉवेल पसरून पाणी टिपून घ्या.

आता राहिले फांद्यांचे ओरखडे. त्यावरून नख फिरवा. नख अडलं नाही तर बहुतेक वेळा पॉलिशने जाईल. अडलं तर चरा खोल आहे. पत्रा उघडा पडला असेल तर टचअप लांबवू नका, पुढच्या ओल्या वाटेआधी तो बुजवलाच पाहिजे. तांबड्या मातीचा डाग काळ्या खडबडीत प्लास्टिकमध्ये मुरतो, कारण तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तिथे मऊ ब्रश आणि शाम्पू, दोन-तीनदा.

पुढच्या वेळेसाठी निघण्याआधीच वॅक्स किंवा सीलंट लावून ठेवा, चिखल सहज सुटतो. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं आणि धुणं सोपं करतं, पण ते काही मायक्रॉनचंच असतं. फांदी ते अडवत नाही. ओरखड्यांपासून खरं संरक्षण पीपीएफचं, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मचं; ती पॉलियुरेथेनची साधारण १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म असते. पूर्ण गाडीला लावायची गरज नाही असं माझं मत. दारांचा खालचा भाग, मागच्या चाकापुढची जागा आणि बॉनेटची पुढची कड एवढं झाकलं तरी पुष्कळ. त्याहीआधी चांगले रुंद मडफ्लॅप बसवा. पोटाला वॅक्सच्या प्रकारचं गंजरोधक लावायचं तर आधी सगळं पूर्ण वाळू द्या. वॅक्सऐवजी जाड रबरी थर लावला तर त्याला तडा गेला की आत पाणी अडकतं.

ओढा खोल होता म्हणून डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, ऑइलही तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. आणि धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन एकदा गाडीखाली वाका. बाकी सगळं वाळलेलं असताना जिथे ओल दिसते, तिथे अजून चिखल अडकलेला आहे.