आडवा लोलक घरी बांधताना: भूकंपमापकाचा माझा अनुभव

घरी भूकंपमापक बसवायचा तर आधी ठरवावं लागतं की कुठले भूकंप पकडायचे आहेत. शंभर-दीडशे किलोमीटरच्या आतले छोटे धक्के १ ते २० हर्ट्झमध्ये दिसतात. त्यांना ४.५ हर्ट्झचा तयार जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारा छोटा सेन्सर) पुरतो, तोच तेल-शोधाच्या सर्वेक्षणात हजारोंनी जमिनीत खुपसतात. पण दुसऱ्या खंडातल्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरींचा आवर्तकाल २० सेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे ०.०५ हर्ट्झ. जिओफोनची संवेदनशीलता त्याच्या नैसर्गिक वारंवारितेखाली वर्गाच्या प्रमाणात घसरते, त्यामुळे तिथे ती मूळच्या सुमारे आठ हजारांश उरते. मला दूरचे भूकंप हवे होते, म्हणून मी आडवा लोलक बांधला.

रचना फाटकासारखी. उभ्या खांबाच्या तळाशी दांडा टेकलेला, दांड्याच्या टोकाजवळ वजन, आणि ते वजन खांबाच्या माथ्याला तारेने टांगलेलं. माझा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, टेकणीपासून वजनापर्यंत ६० सेंटिमीटर. वजन दीड किलो पितळ, तार अर्ध्या मिलिमीटरची पियानो वायर. दांड्यावर तारेची कॉइल, ती चुंबकाच्या फटीत हलली की तिच्यात व्होल्टेज तयार होतं आणि तेच नोंदवायचं. लोखंडी दांडा वापरू नका, जवळ चुंबकं असल्यामुळे तो स्वतःच एका बाजूला ओढला जातो. टेकणीला आधी टोकदार खिळा लावून पाहिला. टोक काही दिवसांत बोथट होतं, खळगा पडतो आणि दांडा त्या खळग्यात अडखळतो. कडक पोलादी पट्टीवर बेअरिंगची गोळी टेकवली की हा त्रास संपतो, कारण गोळी घासत नाही, लोळते.

आवर्तकाल ठरतो तो फिरण्याचा अक्ष उभ्या रेषेपासून किती पुढे झुकलाय त्यावर. अक्ष अगदी उभा असेल तर दांडा कुठेही थांबतो. जितका कलता ठेवाल तितका तो लवकर मधे परततो. सूत्र साध्या लोलकाचंच, फक्त गुरुत्वाकर्षणाला झुकावाच्या साइनने (ज्या) गुणायचं. ६० सेंटिमीटरला १२ सेकंद हवे असतील तर झुकाव ०.९६ अंश, १५ सेकंदांना ०.६१ आणि २० सेकंदांना ०.३५. हे अंश मोजत बसण्यात अर्थ नाही. डॅम्पिंगची (झुलणं आवरणारी) पट्टी काढून ठेवायची, दांडा हलकेच ढकलायचा, पाच पूर्ण फेऱ्यांना लागलेला वेळ घड्याळावर मोजून पाचाने भागायचा आणि तळाच्या पाटाच्या पुढच्या, म्हणजे दांड्याच्या बाजूच्या पायाचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा. मग पुन्हा तेच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो आडव्या समतलात. खांबाखालचे दोन पाय एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर आहेत. त्यातला एक फक्त ०.०५ मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीइतका, खचला तर १५ सेकंदांवर लावलेल्या दांड्याचं टोक जवळपास एक सेंटिमीटर सरकतं. आवर्तकाल दुप्पट केला तर हे सरकणं चौपट. म्हणून पहिल्याच दिवशी २० सेकंदांचा हट्ट धरू नये. मी १० वर सुरुवात केली. पहिले काही दिवस तार ताणली जाते, स्क्रू बसतात, लाकडी पाट असेल तर दमटपणाने फुगतो (पाट लाकडी नकोच, जाड पोलादी पट्टी किंवा दगडी फरशी बरी). रोज टोक सरकायचं, रोज मध्यावर आणायचं. सरकणं मंदावल्यावर १२, मग १५. त्यापुढे मी गेलो नाही. २० सेकंदांवर ठेवलेला लोलक दिवसा ऊन आलं की एका बाजूला जातो आणि रात्री परततो, आणि या ये-जा करण्यात कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर निघते.

हा दोष नवा नाही. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ याचा आडवा लोलक जमिनीचे सूक्ष्म झुकाव मोजण्यासाठीच होता. एप्रिल १८८९ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमला त्याच्या नोंदीत एक विचित्र थरथर उमटली आणि ती जपानमधल्या भूकंपाशी जुळली. दूरच्या भूकंपाची ओळखलेली पहिली नोंद ती हीच. म्हणजे झुकाव मोजणं हे या यंत्राचं मूळ काम, भूकंप नंतर आला. ते झुकाव दाखवतं म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

जागा तळमजल्याचीच हवी, शक्यतो थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटवर. वरच्या मजल्यावर इमारतीचा स्वतःचा डोल नोंदीत येतो. मोठं झाड भिंतीजवळ असेल तर वाऱ्याच्या दिवशी मुळांमधून येणारा झुकाव स्पष्ट दिसतो. यंत्रावर खोकं हवंच, सांधे टेपने बंद केलेलं आणि आतून थर्माकोल लावलेलं. उघड्या लोलकावर खोलीतल्या हवेचा मंद प्रवाह जे करतो ते हुबेहूब दूरच्या भूकंपासारखं दिसतं. खोक्याचं झाकण तळापेक्षा गार राहिलं तर आतल्या आत हवा फिरते, म्हणून इन्सुलेशन झाकणाला सगळ्यात जाड. आणि दर दोन-तीन महिन्यांनी टॉर्च घेऊन कोळ्याचं जाळं शोधायचं. दांडा आणि खांब यांच्यामध्ये ताणलेला एकच धागा आवर्तकाल बदलतो, आणि ते लक्षात यायला आठवडे जातात.

डॅम्पिंगसाठी दांड्याला ३ मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी उभी बसवली. तिच्या दोन बाजूंना निओडिमियम चुंबकं, पट्टीला न चिकटणारी पण जितकी जवळ जमतील तितकी. पट्टी हलली की तिच्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि हालचाल आवरली जाते. तेलाच्या वाटीतलं पातं स्वस्त पडतं, पण तेलाचा दाटपणा तापमानाबरोबर बदलतो. लक्ष्य आहे क्रांतिक डॅम्पिंगच्या (दांडा न झुलता जेमतेम मध्यावर परतेल इतक्या डॅम्पिंगच्या) ०.७ पट. ओळखायची खूण सोपी: टोक १० मिलिमीटर बाजूला धरून सोडलं तर ते मध्य ओलांडून पलीकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाऊन परत यावं. दोन-तीन वेळा झुललं तर चुंबकं आत सरकवा, पलीकडे गेलंच नाही तर बाहेर. ही चाचणी अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला असतानाच करायची, कारण कॉइलमधून वाहणारा प्रवाहही थोडं डॅम्पिंग करतो.

कॉइल ०.१ मिलिमीटर इनॅमल तारेची, ३००० वेढे, रोध सुमारे ८०० ओहम. अ‍ॅम्प्लिफायर ५०० पट, पुढे एडीएस१११५ हा व्होल्टेजचे आकडे करणारा १६ बिटांचा कन्व्हर्टर ±२.०४८ व्होल्टच्या रेंजवर, म्हणजे एक काउंट (आकड्याची एक पायरी) ६२.५ मायक्रोव्होल्ट. कन्व्हर्टरला उणे व्होल्टेज चालत नाही, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा शून्यबिंदू पुरवठ्याच्या निम्म्यावर उचलून त्याच बिंदूच्या तुलनेत मोजायचं.

आणि इथेच मी सपशेल फसलो. सेकंदाला २५ सॅम्पल (वाचनं) घेतले. आकडा सोयीचा, दूरच्या भूकंपांना पुरून उरणारा. पडद्यावर दिवसभर सुरेख, गुळगुळीत, १५ ते ४० सेकंदांच्या लाटा. पृष्ठलहरी अशाच दिसतात! खोकं बंद, वारा नाही, दांडा दोऱ्याने बांधून ठेवला तरी लाटा चालूच. दांडा बांधूनही सिग्नल येतो म्हणजे तो यांत्रिक नाही, एवढं तरी नक्की झालं. कारण वीजवाहिनीत होतं. ५० हर्ट्झची गुणगुण सेकंदाला २५ वेळा पाहिली की दर वेळी ती त्याच टप्प्यावर सापडते आणि स्थिर भासते. पण वीजजाळ्याची वारंवारिता नेमकी ५० नसते. ती ४९.९५ असली की फरक ०.०५ हर्ट्झचा, म्हणजे बरोबर २० सेकंदांची खोटी लाट. ५० सॅम्पलनाही हेच होतं. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे २०, ३० आणि ६० हे आकडे घातक.

सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरने हे जात नाही, कारण खोटी लाट एकदा आत आली की ती खऱ्या लाटेसारखीच असते. उपाय कन्व्हर्टरच्या आधी करावा लागतो. १० किलोओहमचा रोध आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, असे दोन टप्पे एकामागे एक. त्याने ५० हर्ट्झ दोनशेहून जास्त पटीने दबतं. कपॅसिटर फिल्मचा किंवा ध्रुवरहित घ्या. मग सेकंदाला २०० वाचनं आणि दर आठांची सरासरी: आठ वाचनं म्हणजे ४० मिलिसेकंद, ५० हर्ट्झच्या नेमक्या दोन फेऱ्या, उरलंसुरलं त्यात कटतं. सॅम्पलचा ताल कन्व्हर्टरवर सोडू नका, एडीएस१११५ च्या आतल्या घड्याळात १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. कन्व्हर्टरचा वेग जास्त ठेवून वाचनाचा ठोका मायक्रोकंट्रोलरने द्यायचा. कॉइलपासूनची तार पिळलेली आणि जाळीच्या आवरणाची, आवरण एकाच टोकाला जमिनीशी जोडलेलं.

यंत्र खरंच जिवंत आहे का, हे कळायला भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. समुद्राच्या लाटा अखंड जमीन हलवत असतात. त्या हालचालीला मायक्रोसिझम म्हणतात, आणि तिचा आवर्तकाल साधारण ४ ते ८ सेकंद. वेग सेकंदाला एक मायक्रोमीटर असेल तर माझ्या कॉइलमधून सुमारे ३६ मायक्रोव्होल्ट येतात, म्हणजे पडद्यावर तीनेकशे काउंट. शांत रात्री ही सहा सेकंदांची संथ नागमोड दिसली पाहिजे, आणि समुद्रात वादळ उठलं की ती मोठी झाली पाहिजे. ती दिसत नाही तोवर बाकी कुठल्याही नोंदीवर विश्वास ठेवू नये. रेष अगदी सपाट असणं हे शांततेचं नाही, अडकलेल्या दांड्याचं लक्षण आहे.

वेळेचं गणित छोटं. पी लहर (भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर) पृथ्वीच्या कवचात सेकंदाला ६ किलोमीटरच्या आसपास जाते, त्यामुळे दहांश सेकंदाची चूक म्हणजे ६०० मीटर. इंटरनेटवरून एनटीपीने (वेळ जुळवण्याची पद्धत) जुळवलेला संगणक याहून बराच अचूक असतो. धोका वीज जाऊन आल्यावर. बॅटरीचं घड्याळ नसलेला छोटा संगणक जुनीच वेळ धरून नोंद सुरू करतो आणि काही मिनिटांनी अचानक उडी मारतो. डीएस३२३१ या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं मॉड्यूल लावा, आणि वेळ जुळल्याची खात्री होईपर्यंत नोंद सुरूच करू नका. मधल्या खंडात शून्यं भरू नयेत, फिल्टर त्या पायरीवर घंटेसारखा वाजतो.

नोंद वाचताना जवळच्या भूकंपासाठी पी आणि तिच्यामागून येणारी एस लहर यांमधले सेकंद गुणिले ८, की किलोमीटर मिळतात. दूरच्यांसाठी हा नियम चालत नाही, तिथे तक्ते लागतात. ६० अंशांवरच्या (पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन) भूकंपाची पी लहर साधारण १० मिनिटांनी, एस १८ मिनिटांनी आणि पृष्ठलहरी अर्ध्या तासाच्या आसपास. ऑब्सपाय या भूकंपशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं टाउपी हे गणित करून देतं. इथे मनाचा एक खेळ सांभाळावा लागतो. यादीतल्या भूकंपाची वेळ घेऊन तिथे बघितलं की काहीतरी सापडतंच. म्हणून त्याच दिवसाचे, कुठलाही भूकंप नसलेले पाच तुकडे तेवढ्याच लांबीचे आणि त्याच फिल्टरने काढून शेजारी ठेवायचे. फरक ओळखता आला नाही तर ती नोंद वहीत चढत नाही. दुसरी चूक: पुढून-मागून दोनदा चालवलेला फिल्टर. चित्र देखणं येतं, पण लाटेची सुरुवात खऱ्या वेळेच्या आधी सरकते. आगमनाची वेळ वाचायची असेल तर फिल्टर एकाच दिशेने चालवा.

ज्वालामुखीजवळ राहणाऱ्यांनी मात्र हा लोलक बांधू नये. ज्वालामुखीची सलग थरथर मुख्यतः १ ते ५ हर्ट्झमध्ये असते आणि तिथे जिओफोनच बरा. साधा ४.५ हर्ट्झचा जिओफोन १ हर्ट्झला विसांश उरतो, हे लक्षात ठेवायचं. रास्पबेरी शेक या तयार मिळणाऱ्या घरगुती भूकंपमापकात तोच जिओफोन असतो, पण इलेक्ट्रॉनिक्सने त्याची खालची मर्यादा बरीच खाली आणलेली असते. थरथर मोजायला आरसॅम पुरतं: दहा मिनिटांच्या खिडकीतल्या निरपेक्ष आयामांची सरासरी, एवढाच एक आकडा. आरसॅमचा आलेख चढला की आधी हवामान बघा. वारा आणि मुसळधार पाऊस दोन्ही तो चढवतात. मग स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारितेला किती जोर आहे ते) बघा. मिनिटाला १४५० फेऱ्यांची मोटर २४.२ हर्ट्झला सरळ, बारीक रेघ काढते. ज्वालामुखीची थरथर इतकी शिस्तशीर क्वचितच असते. जिओफोनच्या शेजारी हवेच्या दाबाचा सेन्सर ठेवणं फार स्वस्तात होतं. १५ जानेवारी २०२२ च्या हुंगा टोंगाच्या उद्रेकाची दाबलहर जगाच्या पलीकडच्या बाजूच्या घरगुती हवामान केंद्रांवरही उमटली होती.

शेवटचं उपकरण वही. स्क्रूला हात लावला, खोकं उघडलं, चुंबक सरकवलं की तारीख, वेळ आणि नवा आवर्तकाल लगेच तिच्यात. आवर्तकाल महिन्यातून एकदा मोजायचा, काही बदललं नसलं तरी. १५ चा १३ झालेला दिसला तर बहुधा पुढचा पाय खचलाय. आणि तो ठीक असेल तर टॉर्च.